कोणीच बसत नाही तो कॉम्प्युटर

मी वडशाची. रेल्वेच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. आम्ही समोरच्याचं तोंड पाहून दोन्हींपैकी एक नाव सांगतो. माझ्या अब्बांचं इथल्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं आणि हिचं अमुक बिघडलंय म्हणालं, की अब्बा हातातला पेचकस खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "पहले चला के दिखा." बिघाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पेच खोलायचा नाही आणि एका वेळी एकच पेच खोलायचा. पुढे मी नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकले, जाडजाड पुस्तकं वाचली, पण बिघाड शोधायची याहून चांगली रीत मला कुणी शिकवली नाही.

शिक्षण संपवून मी परत आले तेव्हा गल्लीत कुजबुज झाली. नागपूर सोडून पोरगी परत आली म्हणजे नक्की काहीतरी बिनसलं असणार. बिनसलं काहीच नव्हतं. मला वडशातच राहायचं होतं आणि वडशातच शिकवायचं होतं. माझं डोकं लवकर तापतं हे गावाला ठाऊक असल्यामुळे तोंडावर कुणी काही विचारलं नाही.

गावातल्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांपुरत्या तुम्ही मॅडम. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. प्रयोगशाळेत दहा-बारा कॉम्प्युटर होते आणि लाईट असली तर ते चालू व्हायचे. मुलं आसपासच्या गावांतली, धान लावणाऱ्या घरांतली. कुणी एसटीनं यायचं, कुणी पॅसेंजरनं. कॉम्प्युटरचा पेपर सगळ्यांना सक्तीचा आणि पुस्तक मात्र इंग्रजीत. पोरं पानंच्या पानं पाठ करायची, पेपरात ओकायची आणि तरी नापास व्हायची. एखादी व्याख्या विचारली तर एका दमात म्हणून दाखवायची. एक उदाहरण दे म्हटलं की जमिनीकडे बघायची. मला त्यांचा राग यायचा नाही, पुस्तकाचा यायचा.

त्याच सुमारास कॉम्प्युटरच्या एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मला एक वेबसाइट सापडली. म्हणजे वेबसाइट बनवायचा तयार सांगाडाच होता तो, कॉलेजांसाठी केलेला. शिक्षकानं धडे टाकायचे, मुलांनी वाचायचे, चाचण्या सोडवायच्या, आणि वाटलं तर मुलांनी स्वतःही धडे लिहायचे. दूरदेशीच्या लोकांनी तो लिहिला होता आणि कुणीही घ्या, बदला, वापरा म्हणून मोकळा सोडला होता. इंटरनेटची गरज नव्हती. प्रयोगशाळेतल्या एका कॉम्प्युटरमध्ये सगळं भरायचं आणि बाकीच्यांनी केबलमधून त्याच्याकडून मागून घ्यायचं. त्या एकाला सर्व्हर म्हणतात.

सर्व्हर म्हणून मला मिळाला तो ऑफिसनं टाकून दिलेला सगळ्यात जुना डबा. त्याचा पडदाही मी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला होता, कारण सर्व्हरला पडद्याची रोज गरज पडत नाही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एका स्टुलावर तो असायचा, वर अम्मीनं दिलेलं जुनं फडकं, पुढे खुर्ची नाही. मागच्या बाजूला केबल खुपसायची दोन भोकं होती. त्यातलं एक मागच्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा मेलं होतं, दुसरं चालू होतं. हे फक्त मला माहीत होतं आणि फक्त मलाच माहीत असण्यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

सांगाडा उभा राहिला, पण मराठी लिहिलं की पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं यायची. अख्खा धडा म्हणजे प्रश्नचिन्हांची रांग. एक पेच, मग दुसरा पेच, असं करत मी शोधत गेले. अक्षरं साठवायची पद्धत डेटाबेसमध्ये एक होती आणि वेबसाइटमध्ये दुसरी. दोघांची भाषा जुळवली. मग प्रश्नचिन्हं गेली आणि त्यांच्या जागी चौकोन आले, कारण मुलांच्या कॉम्प्युटरांत देवनागरी अक्षरंच भरलेली नव्हती. ती एकेका मशीनमध्ये भरली. शेवटी एका सकाळी पहिल्या मशीनवर धड्याचं नाव मराठीत नीट उमटलं. मुलं पडद्याभोवती गोळा झाली. मग एकानं हळूच विचारलं, "मॅडम, हे इथी आपल्याले लिहिता बी येते का?"

येतं म्हटल्यावर जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. एकानं माऊसवर लिहिलं, दुसऱ्यानं व्हायरसवर, चार जणांनी मिळून प्रिंटरवर. सगळं आपापल्या बोलीत, घरी बोलतात तसं. सगळ्यात जास्त लिहायची ती नागभीडकडून पॅसेंजरनं येणारी एक मुलगी. सडपातळ, दोन वेण्या, बोलायला लागली की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे. आधी मी तिचं लिखाण सुधारायला घेतलं होतं, पण दोन धडे वाचले आणि थांबले. तिला समजलं होतं, आणि तिचं वाचून वर्गाला समजत होतं. माझं शिकवणं इतकं कुणाला समजलं नव्हतं. मला हेवा वाटला आणि अभिमानही. अभिमान जास्त वाटला.

प्राचार्यांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. त्यांनी नागपूरच्या एका विक्रेत्याकडचं तयार पॅकेज पाहून ठेवलं होतं, सगळं इंग्रजीत, रंगीत, आणि मुलांना त्यात एक अक्षर लिहिता येत नाही असं. थंडीत विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला येणार होती. सरांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "समितीसमोर तुमचा प्रयोग चालला तर ठीक. बंद पडला तर त्याच दिवशी पॅकेजची ऑर्डर देतो आणि हे सगळं पुसून टाकायचं." मी म्हटलं, चालेल. 

आणि नेमकी दिवाळीनंतर साइट बंद पडायला लागली.

रोज नाही. चार दिवस सुतासारखी चालायची आणि एका सकाळी कुणाच्याच मशीनवर उघडायची नाही. सर्व्हर चालू, दिवा हिरवा, आणि साइट मात्र नाही. मागे पाहिलं तर केबल मेलेल्या भोकात. मी ती चालू भोकात लावली आणि झाडणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी त कोपऱ्याले हात बी लावत नाई, मॅडम. तुमी रागावता ना." पुढच्या वेळी केबल जागेवर होती, साइट उघडत होती, पण चाचणीवर टिचकी मारली की यायचं, 'ही चाचणी अजून सुरू झालेली नाही.' मागच्या आठवड्यात सोडवलेली चाचणी. सर्व्हरचं घड्याळ पाहिलं तर तो कित्येक वर्षं मागे जाऊन बसला होता. मी तारीख नीट केली. काही दिवसांनी पुन्हा तेच. आतला घड्याळाचा सेल अशक्त झाला असणार हे समजत होतं. पण सेल अशक्त असला तरी लाईट जाते तेवढे दोन-चार तास तग धरतो, रात्रभर प्लग भिंतीबाहेर राहिला तरच घड्याळ मागे जातं, आणि प्लग तर मी कधी काढत नव्हते.

मी उंदरांवर संशय घेतला, लाईटवर घेतला, शेवटी मुलांवरही घेतला आणि एका वर्गाला विनाकारण बोलले. मग बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन, टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या कासवछाप इंटरनेटवर, हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जगभरच्या लोकांच्या चर्चेत सगळी लक्षणं लिहिली. उत्तर आलं. कुणा भल्या माणसानं विचारलं होतं, तुमचा सर्व्हर कुणी जागेवरून हलवतं का? मला हसू आलं आणि रागही आला. सर्व्हर ही काय उचलून फिरवायची वस्तू आहे? मी टेचात लिहून टाकलं की आमचा सर्व्हर जिथे ठेवलाय तिथेच असतो, दुसरं कारण सुचत असेल तर सांगा. त्यानं दुसरं कारण सांगितलं नाही.

त्यानंतर एकदा फडकं काढलं तर डब्याच्या दर्शनी बाजूला हळदीकुंकवाचं बोट. दसरा होऊन गेलेला. मी ते पुसलं आणि मनात म्हटलं, माझी मशीन बंद पडते म्हणून कुणीतरी देवाला साकडं घातलंय वाटतं. मनातून बरंच वाटलं.

कोडं सुटलं ते त्या नागभीडकडच्या मुलीमुळे. एक दिवस ती प्रयोगशाळेत आली तीच खुशीत. डोळे जागरणानं लाल, पण चेहरा फुललेला. हिवाळ्यात आमच्याकडे अर्धं कॉलेज असंच दिसतं. धान घरात आलं की झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात. कंपन्या सगळ्या वडशात, नाटकं गावोगावी, आणि एकेक नाटक उजाडेपर्यंत चालतं. ती म्हणाली, "मॅडम, काल आमच्या गावी नाटक होतं. त्यात आपला सर्वर होता."

मला वाटलं सर्व्हरसारखा काहीतरी.

"सारखा नाई मॅडम, आपलाच. विलनच्या टेबलावर होता. मी समोरच बसली होती. त्याच्यावरचा आपल्या कॉलेजचा डेडस्टॉक नंबर दिसला मले. मी आईले म्हटलं, पाह्य, माह्ये धडे याच्यातच आहेत."

कॉलेजच्या प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटनं नंबर घातलेला असतो, खुर्चीवर, घंटेवर, कॉम्प्युटरवरही. पोरगी ते इतक्या अभिमानानं सांगत होती की तिच्यावर ओरडायचं मला सुचलंच नाही. मी विचारलं, विलनचं काम कोण करतं? ती म्हणाली, "आपले मोठे बाबू."

मोठे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. बारीक आवाजाचे, कागद दोनदा तपासणारे, कुणाला अरेतुरे न करणारे गृहस्थ. हिवाळ्याच्या रात्री हेच गृहस्थ मिशा लावून गोरगरिबांच्या जमिनी हडप करतात हे अख्ख्या वडशाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त जमिनी हडप करायला त्यांना माझा सर्व्हर लागतो, एवढंच माहीत नव्हतं.

मी तडक ऑफिसात गेले. बाबू टेबलावर हात टेकून पेंगत होते. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण बाहेर व्हरांड्यातली माणसं थांबली होती. बाबू उठून उभे राहिले. त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

"मॅडम, तुमी काऊन इतक्या रागावून राह्यल्या? मी प्राचार्य सरायले विचारून नेतो. नव्या नाटकात विलन शहरातला कारखानदार हाये, त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर पाह्यजे. सर म्हनले, रिकामा असन तो न्या. मी चार दिवस पाह्यलं. बाकी सगळ्यायवर पोरं बसतेत. ह्या एकावर कोनीच बसत नाई. पोरायचं नुकसान नको म्हनून मी हाच नेला."

 चोरी असती तर भांडता आलं असतं. इथे तर माणसानं विचार करून, मुलांची काळजी घेऊन, चुकीचं मशीन निवडलं होतं. ते पुढे म्हणाले की टेम्पोत ते डबा मांडीवर घेऊन बसायचे, खाली दुलई घालून, आणि पडदा म्हणून शेजारी नाटक कंपनीचा बंद टीव्ही मांडायचे. नाटकाआधी पूजा होते तेव्हा रंगमंचावरच्या प्रत्येक वस्तूला कुंकू लागतं, तसं यालाही लागायचं. सकाळी टेम्पो थेट कॉलेजावर आणायचे आणि मी यायच्या आत सगळ्या तारा पुन्हा लावून, वर फडकं टाकून ठेवायचे. "जशाच्या तशा लावतो, मॅडम. फक्त मागं दोन सारखेच भोक हायेत, तिथी माहा गोंधळ होते."

गावात, कॉलेजात, सगळ्यांना हे माहीत होतं. कुणी मला सांगितलं नाही कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. वडशात नाटकाला कुणी काही नाही म्हणत नाही. सोफा, टेलिफोन, लग्नातला कोट, डॉक्टरांचा स्टेथोस्कोपसुद्धा हंगामात फिरायला जातो.

सर्व्हर म्हणजे काय हे मी मुलांना शिकवलं होतं, कॉलेजला शिकवलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "बाबू, तुमच्या नाटकात प्रॉम्प्टर कुठी बसते?"

"विंगेत. पुस्तक घेऊन."

"लोकायले दिसते का?"

"नाई."

"मंग रिकामाच असन तो. उद्या त्याले उचलून दुसऱ्या गावी नेलं त?"

बाबूंचा चेहरा उतरला. असा झपकन उतरलेला चेहरा मी रंगमंचावरही पाहिला नाही. ते म्हणाले, "मंग त सगळेच मुके होतेत, मॅडम." आणि मग, अगदी हळू, "इतकी पोरं मुकी करून मी विलनचं काम करून राह्यलो होतो." मला त्यांची दया आली. माझा राग असाच असतो, उतू जातो आणि मग भांडं घासत बसावं लागतं.

बाबू माझ्यामागोमाग प्रयोगशाळेत आले. सर्व्हर त्याच सकाळी नागभीडकडच्या मुक्कामावरून परत आला होता आणि मी अजून त्याला हात लावला नव्हता. बटण दाबलं. पंखा फिरला आणि आतून लांब लांब शिट्ट्या यायला लागल्या. समिती दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती.

बाबूंनी डब्याला हात जोडले. मी मात्र, का कोण जाणे, एकदम शांत झाले. इतके आठवडे जो बिघाड माझ्या पाठीमागे घडत होता तो आता डोळ्यांसमोर घडत होता. पडदा आणून जोडला आणि डबा खोलला. आत धानाचा कोंडा, रंगीत कागदाची टिकली, रस्त्याची तांबडी धूळ. लांब शिट्टी म्हणजे रॅमची तक्रार. ती पट्टी हिंदकळून खाचेतून सुटली होती. बाहेर काढली, तिची पितळी कड शाळेतल्या खोडरबरानं घासली, खाचेत परत दाबून बसवली. शिट्ट्या थांबल्या. मग डिस्कची तपासणी सुरू झाली, ती धापा टाकत बराच वेळ चालली. तीही पार पडली. तारीख अर्थातच जुनी होती. मी काही म्हणायच्या आत बाबू घड्याळवाल्याकडे जाऊन नवा सेल घेऊन आले.

आणि मग डेटाबेस म्हणाला, ज्या तक्त्यात मुलांचे धडे आहेत तोच मोडलेला आहे.

सर्व्हर नीट बंद न करता प्लग ओढला की असं होतं. बाबू प्रत्येक वेळी तो अलगद, प्रेमानं, प्लग ओढूनच बंद करायचे. दिवाळीआधीच्या धड्यांची नक्कल माझ्याकडे सीडीवर होती, पण मुलांनी खरं भरभरून लिहिलं होतं ते दिवाळीनंतर. दुरुस्तीची आज्ञा द्यायला माझा हात गेला आणि मी तो मागे घेतला. दुरुस्ती फसली तर उरलंसुरलंही जातं. आधी मोडलेल्या स्थितीतलं सगळंच्या सगळं केबलवरून दुसऱ्या मशीनमध्ये उतरवून घेतलं. मध्ये लाईट गेली तर काय, म्हणून प्राचार्यांच्या खोलीतला बॅटरीचा डबा बाबू स्वतः उचलून घेऊन आले. सर काय म्हणतील, मी विचारलं. बाबू म्हणाले, "सरायले मी पाहून घेतो," आणि ते वाक्य त्यांनी रात्रीच्या, विलनच्या आवाजात म्हटलं.

उतरवणं झालं. मी दुरुस्तीची आज्ञा दिली. नागभीडकडची मुलगी, आणखी दोघं-तिघं, बाबू, झाडणाऱ्या बाई, सगळे त्या काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे बघत उभे होते. त्यातलं काहीही कुणाला कळत नव्हतं. शेवटची ओळ आली की तक्ता ठीक आहे. मी साइट उघडली, धड्यांचं पान उघडलं. शेवटचा धडा त्या मुलीचा, आदल्या आठवड्यातला. तो होता. त्याच्या आधीचे सगळे होते. मुलांनी सोडवलेल्या काही चाचण्यांची उत्तरं गेली होती, ती परत सोडवता येतील. मी त्या मुलीला म्हटलं, आहे गं सगळं. ती म्हणाली, "मले मालूम होतं," आणि ओढणीनं डोळे पुसले.

त्या रात्रीच्या नाटकात विलनच्या टेबलावर पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर होता. पडदे रंगवणाऱ्यानं तो दोन तासांत केला आणि लोकांना तोच जास्त आवडला म्हणे.

समिती आली. तिघं जण होते. सगळ्यात वयस्कर सर स्वतः कॉम्प्युटरचे प्राध्यापक होते आणि त्यांनी आल्याआल्याच विचारलं की ही साइट कोणत्या कंपनीची आहे. आमचे प्राचार्य घाईघाईनं म्हणाले, "नाही, नाही, हा आमच्या तासिकेवरच्या मॅडमचा एक प्रयोग आहे. आम्ही लवकरच चांगलं पॅकेज घेतोय."  दाराशी बाबू उभे होते, सर्व्हर आणि जग यांच्या मध्ये.

वयस्कर सर एका मशीनपुढे बसले आणि त्यांनी धड्यांमधला एक उघडला. तो नागभीडकडच्या मुलीचा होता, रॅम आणि हार्ड डिस्कवरचा, खाली तिचं नाव. ते मोठ्यानं वाचायला लागले.

"रॅम म्हंजे सुप. हार्ड डिस्क म्हंजे ढोली. ढोलीत धान कितीबी मावते, पन निवडाचं असन त सुपातच घ्या लागते. ढोलीत हात घालून कोनी निवडत नाई. सुप मोठं असन त काम लवकर होते. लाईट गेली म्हंजे सुप उलटलं. ढोलीतलं धान तसंच राह्यते. सेव्ह करनं म्हंजे निवडलेलं सुपातून ढोलीत टाकनं."

वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "हे असं नसतं लिहायचं," ते मला म्हणाले. "परिभाषा आहे की नाही काही? विद्यार्थ्यांसमोर शुद्ध ठेवलं पाहिजे." प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पॅकेजची ऑर्डर लिहून झाली होती. माझं डोकं तापायला लागलं, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"सर, समजलं का पन?"

सर वळले. दोन वेण्यांची ती मुलगी उभी होती. उद्धट नव्हती, खरंच विचारत होती.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. "समजलं," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गेल्या महिन्यात माझं अख्खं भाषण लिहून झालं होतं आणि लाईट गेली. सुपातच होतं म्हणायचं."

"हो सर. घडीघडी ढोलीत टाकत जा."

पहिल्यांदा हसले ते सरच. मग सगळे हसले, प्राचार्य सगळ्यात शेवटी. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि व्हायरसचा धडा उघडला, मग प्रिंटरचा. बाकीचे दोघं चहा घ्यायला गेले तरी ते उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी प्राचार्यांना विचारलं, "हे सगळं माझ्या कॉलेजसाठी मिळेल का? आमच्याकडची मुलंही अशीच आहेत, पाठ करतात आणि बसतात."

"मिळेल की," आमचे प्राचार्य म्हणाले. "आमची साइट आहे. केव्हाही या."

आमची. मी ते ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की त्यांना टोमणा मारायचंही विसरले. त्या वाक्यानं पॅकेज गेलं ते कायमचं गेलं, आणि धडे राहिले. मी नागपूर सोडून का आले हे इतकी वर्षं कुणाला धड सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या कुणालाही ते सांगायची गरज उरली नव्हती.

मुलीची पॅसेंजर सुटायची वेळ झाली होती. ती दप्तर उचलून निघाली तशी त्या सरांनी तिला व्हरांड्यात हाक मारली आणि एखाद्या बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, पुढचा धडा कधी येणार आहे?

ती चालता चालताच म्हणाली, "लाईट राह्यली त उद्या टाकतो, सर."

दुसऱ्या दिवशी लाईट राहिली.